ऑर्किडची मुळं कुंडीबाहेर आली आहेत, कापू का?

"ताई, नमस्कार. डिसेंबरात आमच्या वाकडच्या फ्लॅटची वास्तुशांत झाली तेव्हा नणंदेने पांढऱ्या फुलांचं ऑर्किड दिलं, सिरॅमिकच्या सुंदर कुंडीत. फुलं चक्क मार्चपर्यंत टिकली. मग पानं मऊ पडून लोंबायला लागली. पाणी कमी पडतंय असं वाटून मी रोज घालायला लागले (आरओचं वाया जाणारं पाणी झाडांनाच घालते, फुकट कशाला घालवायचं). तरी पानं आणखी मलूल. खालचं एक पिवळं होऊन गळलं. आणि इकडे कुंडीच्या काठावरून जाड, राखाडी-पांढरी मुळं सापासारखी बाहेर आलीत. सासूबाई म्हणतात, कापून टाक, झाडाची ताकद खातात. नर्सरीवाला म्हणतो, आत दाबा आणि खत द्या. मी अजून काहीच केलेलं नाही. फोटो पाठवतेय. मूळ जिवंत आहे की मेलेलं, हे ओळखायचं कसं? गणपतीत नणंद येणार आहे, तोवर रोप तिच्यासमोर ठेवण्याजोगं होईल का?"
– एक वाचक, वाकड, पुणे

काहीच केलं नाहीत ते उत्तम केलंत. आता कात्री ड्रॉवरमध्ये ठेवून द्या आणि मग पुढचं वाचा.

फोटोत काठावरून बाहेर आलेली पाच मुळं मला मोजता आली. त्यांतल्या दोघांची टोकं चकचकीत हिरवी आहेत, नखाएवढी. त्या झाडात आज जो काही जीव आहे, तो या पाच मुळांच्या जोरावर आहे. आत कुंडीत फारसं काही शिल्लक असेल अशी मला आशा नाही. सासूबाईंचं ऐकलं असतंत तर रोप वाचवणं फार अवघड झालं असतं. त्यांना हे सांगू नका मात्र.

तुमचं रोप फॅलेनॉप्सिस आहे. नर्सरीवाले नुसतं 'फॅल' म्हणतात, भेट म्हणून मिळणारी ऑर्किडं बहुतेक हीच असतात. यांचे पूर्वज इंडोनेशिया, फिलिपिन्स अशा भागांतल्या दमट जंगलांत झाडांच्या खोडाफांद्यांवर वाढतात. मातीशी त्यांचं देणंघेणं नाही. पण इतक्या लांब जायलाच नको. पावसाळ्यात आंबोलीला किंवा महाबळेश्वरला गेलात की एखाद्या जुन्या जांभळीकडे मान वर करून बघा. आपल्या आमऱ्या, म्हणजे आपल्याकडची रानऑर्किडं, खोडावर बसलेल्या दिसतील, मुळं सालीला पालीसारखी चिकटलेली. लोक त्यांना बांडगूळ म्हणतात, पण बांडगूळ फांदीत मुळं खुपसून झाडाचा रस पितं. आमरी फक्त बसायला जागा घेते, जेवणखाण तिचं ती बघते. (बघून या, उपटून आणू नका. जंगलातली आमरी बाल्कनीत आणली की दोन वर्षं सुकत सुकत मरते, हे मी अनेक घरांत पाहिलं आहे.)

तर आंबोली-महाबळेश्वरला वर्षाला ५,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. आठ-आठ दिवस संततधार. तरी ती मुळं कुजत नाहीत. तुमच्या कुंडीत दिवसाला वाटीभर पाणी पडत होतं आणि मुळं कुजली. फरक वाऱ्याचा. जांभळीवरचं मूळ भिजत असतानासुद्धा त्याच्याभोवती हवा खेळत असते, पाऊस जरा थांबला की ते निथळतं. बिनभोकाच्या सिरॅमिकमध्ये, गच्च दाबलेल्या ओल्या मॉसमध्ये (कुंडीत भरतात ते वाळवलेलं शेवाळ) हवा उरतच नाही. आपण म्हणतो पाणी जास्त झालं म्हणून मूळ मेलं. खरं तर ते गुदमरून मरतं, आणि मेलं की बुरशी पंगतीला बसते.

मी पहिलं ऑर्किड गोव्याहून आणलं होतं, जांभळं डेंड्रोबियम. लाल मातीत लावलं, वर दोन मुठी शेणखत घातलं, प्रेमाने. महिनाभरात बुंध्याला धरून उचललं तर सगळं रोप हातात, खाली मुळं नाहीतच. नुसता काळा लगदा. तेव्हा कोणी सांगितलं नव्हतं, म्हणून आता मी सगळ्यांना सांगत सुटते.

आता मुळाकडे नीट बघू. घरात वाळलेलं घोसाळं असेल, अंग घासायचं, तर ते आठवा. ते स्वतः मेलेलं असतं, पण पाण्यात बुडवलं की क्षणात पाणी धरतं, आणि पिळलं की पुन्हा हलकं. ऑर्किडच्या मुळावर असाच एक स्पंजासारखा थर असतो, मेलेल्या, पोकळ पेशींचा. शास्त्रात त्याला व्हेलामेन म्हणतात. कोरडा असताना त्यात हवा भरलेली असते म्हणून मूळ चंदेरी-पांढरं दिसतं. पाणी लागलं की थर पारदर्शक होतो आणि आतला हिरवा रंग वर दिसतो. हो, आत हरितद्रव्य असतं, फॅलची मुळं पानांसारखी उन्हावर अन्नही बनवतात. आणि या सगळ्याच्या मधोमध एक चिवट दोरा असतो, पाणी वर नेणारा. थर, गाभा, दोरा, एवढं लक्षात ठेवा, पुढची सगळी परीक्षा यावरच आहे.

बाहेरच्या त्या पाच मुळांवर आत्ताच करून बघा. स्प्रेने पाणी मारा आणि मिनिटभर थांबा. चंदेरी मूळ हिरवं झालं तर ते जिवंत आहे आणि पाणी पितंय. कितीही पाणी मारलं तरी तपकिरी किंवा मळकट पांढरंच राहिलं, तर बहुतेक गेलेलं. मग बोटांत धरून अलगद दाबा. चांगलं मूळ गवारीच्या कोवळ्या शेंगेसारखं लागतं, भरीव, जरा दाब परतवणारं. कुजलेलं मूळ समईच्या भिजलेल्या वातीसारखं लिबलिबीत, चिमटीत धरून ओढलं तर वरचं साल मोज्यासारखं निघून येतं आणि हातात फक्त तो मधला दोरा राहतो. वाळून मेलेलं मूळ पोकळ असतं, दाबलं की पापडासारखं चपटं होतं.

रंगावर एकट्यावर विसंबू नका, इथेच बहुतेकांची फसगत होते. कुंडीच्या आत अंधारात वाढलेलं मूळ पिवळट असतं, मॉसच्या रंगाने तपकिरीही होतं, पण दाबल्यावर टणक असेल तर ते उत्तम मूळ आहे. ते 'खराब' म्हणून कापलेलं मी कितीतरी वेळा पाहिलं. तसंच टोकाचं. हिरवं किंवा तांबूस, ओलसर चकाकणारं टोक म्हणजे मूळ वाढतंय. चंदेरी थर टोकापर्यंत गेलेला दिसला तर वाढ थांबली आहे, मूळ मेलेलं नाही. दिवस बदलले की तेच मूळ पुन्हा टोक काढतं, नाहीतर बाजूने फुटवे काढतं. टोक काळं पडून सुरकुतलं असेल तर तुमच्या पाण्याबद्दल बोलायला हवं, त्याकडे येतेच.

आणि एखादं मूळ मध्येच वाकून पिचलं असेल, वरचं साल फाटलं असेल, तरी दोरा शाबूत असला की ते पाणी नेत राहतं. राहू द्या.

आता पानं. पान लोंबलं की आपला हात आपोआप तांब्याकडे जातो, तुळस सुकली की आपण तेच करतो ना. पण फॅलचं पान तहानेने लोंबतं तसंच मुळं कुजली तरीही लोंबतं. दोन्हीकडे पानापर्यंत पाणी पोचत नाही, लक्षण हुबेहूब सारखं. तुमचं रोप पाण्यात उभं राहून तहानेने मरत होतं, कारण प्यायला मुळंच उरली नव्हती. तुम्ही पाणी वाढवलंत, उरलेली मुळं गेली, पानं आणखी मलूल झाली, तुम्ही आणखी पाणी घातलंत. या चक्रात निम्मी ऑर्किडं जात असावीत, हा माझा अंदाज, हिशोब कोणी ठेवलेला नाही. मग कुंडीबाहेर मुळं का आली? फॅल एरवीही हवेत मुळं सोडतं, ती त्याची सवयच आहे. पण आत श्वास कोंडला की नवं मूळ हवेकडेच वळतं.

या आठवड्यात बसून ऑपरेशन करून टाका. एरवी मी नवी मुळं फुटायला लागली की कुंडी बदला असं सांगते, आणि फुलं असताना तर हातच लावू नका. तुमच्याकडे फुलं नाहीत, दोन टोकं वाढतायत, आणि जूनच्या हवेत दमटपणा आलाय. यापेक्षा चांगला मुहूर्त शोधू नका. कुजलेलं रोप तसंही मुहूर्ताला थांबत नाही.

आधी बाहेरची मुळं पंधरा-वीस मिनिटं पाण्यात भिजवा किंवा ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा. कोरडी मुळं काचेसारखी तडकतात, भिजली की लवतात. खाली वर्तमानपत्र पसरा. सिरॅमिकच्या आत बहुतेक एक प्लॅस्टिकची कुंडी असेल, ती काढा, दाबून सैल करा, रोप बाहेर काढा. मॉसचा कुंडीच्याच आकाराचा गोळा निघेल. नाकाशी न्या. जंगलातल्या पालापाचोळ्यासारखा वास आला तर ठीक. गटारासारखा आला तर माझा अंदाज खरा.

मॉस बोटांनी हळूहळू सोडवा, नळाखाली धुवा. मधोमध एक जाळीची चिमुकली टोपली किंवा घट्ट कापडी गोळा सापडण्याची शक्यता आहे. रोपवाटिकेत लहानपणी त्यात वाढवलेलं असतं आणि विकताना तसंच ठेवतात. वरचं मॉस वाळलं तरी हा गोळा आत ओलाच राहतो, आणि कूज बहुतेकदा तिथूनच सुरू होते. कापून काढा, मुळांना सांभाळून.

मग एकेक मूळ चिमटीत घ्या. लिबलिबीत आणि पोकळ मुळं टणक भाग लागेपर्यंत कापा. कात्री आधी गॅसवर तापवून किंवा सॅनिटायझरने पुसून घ्या (दोन्ही एकदम करू नका, पेट घेईल), आणि दुसऱ्या ऑर्किडला हात लावण्याआधी मात्र गॅसवरच तापवा, विषाणूंना सॅनिटायझर पुरत नाही. ऑर्किडांचे विषाणू कात्रीवरून एका रोपातून दुसऱ्यात जातात आणि त्यांवर औषध नाही. शंका असलेलं मूळ ठेवा, ते पुढच्या वेळी कापता येईल. कापलेल्या टोकावर चिमूटभर दालचिनी पूड लावा, फक्त टोकावर. दालचिनी ओल शोषून जखम सुकवते, निरोगी मुळावर भुरभुरली तर तेही सुकवेल. हळदही लावतात लोक. मी लावत नाही, सगळं पिवळंधमक होतं आणि मग जिवंत काय, मेलेलं काय, काही कळत नाही. हायड्रोजन पेरॉक्साइडचा फेस बघायला गंमत वाटते, पण तो जिवंत पेशींनाही भाजतो. ती बाटली नकोच.

शेवटी बुंधा बघा. मुळं जिथून निघतात तो भाग टणक असला तर निर्धास्त व्हा. तपकिरी, मऊ असला तर हिरवट-पांढरा चांगला भाग दिसेपर्यंत काप घ्यावा लागेल. भीती वाटते, पण तो तसाच ठेवला तर कूज वर चढते. फुलांचा वाळका दांडाही याच वेळी तळाशी छाटून टाका.

आता रोप दिवसभर सावलीत, पंख्याच्या वाऱ्यात नुसतं पडू द्या, जखमा सुकायला. सासूबाईंना आधीच सांगून ठेवा. नाहीतर संध्याकाळपर्यंत त्यांनी ते दयेपोटी बादलीत घातलेलं असेल.

कुंडी लहान घ्या. मुळांना नवीन घर मोठं हवं असं वाटतं, पण मोठ्या कुंडीचा मधला भाग सुकत नाही. तुम्हाला चार इंची पुरेल, पारदर्शक प्लॅस्टिकची. पार्सलचा पारदर्शक डबा असतो ना, त्याला तापलेल्या सळईने तळाशी आठ-दहा आणि बाजूंनाही भोकं पाडा, खिडकीशी उभं राहून, वास घशात जातो. पारदर्शक असल्याचा फायदा असा की मूळ चंदेरी आहे की हिरवं, हे रोप न उपटता दिसतं, आणि भिंतीवर आतून दव साचलंय म्हणजे अजून ओल आहे हेही कळतं. सिरॅमिकची सुंदर कुंडी टाकू नका, नणंदेने दिलेली आहे. तळाशी खडे घाला आणि पाहुणे आले की डबा त्यात ठेवा.

आत भरायला पाईनच्या सालीचे बोराएवढे तुकडे तीन भाग, लोणारी कोळसा एक भाग. शेगडीसाठी मिळणाऱ्या दाबून केलेल्या कोळशाच्या वड्या घेऊ नका. साल मिळाली नाही तर नारळाच्या सोडणाचे तुकडे चालतात, पण ते दोन-तीन दिवस पाणी बदलत भिजवावे लागतात, चहासारखं पाणी निघायचं थांबेपर्यंत. नारळात मीठ असतं, मुळांना ते बाधतं. शिवाय सोडण जास्त ओल धरतं आणि लवकर कुजतं. कोकणात जुने लोक विटांचे आणि मंगलोरी कौलांचे तुकडे घालून सुंदर ऑर्किडं करतात. तुमच्या खिडकीत वारा किती यावर ठरवा, पण माती, कोकोपीटचा भुसा, गांडूळखत यांतलं काहीही नाही. साल दीड-दोन वर्षांत मऊ होते, बोटाने चुरता येते. तेव्हा ती बदलायची, रोप कितीही टवटवीत दिसलं तरी.

बाहेरच्या मुळांचं काय करायचं हा तुमचा मूळ प्रश्न. आतलं बहुतेक सगळं कापलं जाणार, तेव्हा खालची दोन-तीन मुळं, जी भिजून लवतात ती, सैलसर सालीत घ्या. जी वळायला तयार नाहीत ती बाहेर राहू द्या. हवेत वाढलेलं मूळ हवेला सरावलेलं असतं. नर्सरीवाल्याने सांगितल्यासारखं ओल्या मॉसमध्ये दाबलंत तर तेही कुजायचं. सालीत घेतलेल्यांपैकीही एखादं जाईल, घाबरू नका, नवी मुळं नव्या जागेच्या सवयीनेच येतात. रोप एका काडीला मऊ सुतळीने बांधा, अजिबात हलायला नको. हलणाऱ्या रोपाची नवी टोकं सालीवर घासून मरतात, आणि आपण औषध शोधत बसतो.

पाणी. कॅलेंडर बघून घालू नका. डब्यातली मुळं चंदेरी झाली, भिंतीवरचं दव गेलं आणि डबा उचलल्यावर हलका लागला की सकाळी भरपूर पाणी घाला, भोकांतून वाहून जाईपर्यंत, किंवा डबा दहा मिनिटं बादलीत बुडवून निथळत ठेवा. तुमच्याकडे मे महिन्यात हे दोन-तीन दिवसांनी येईल, जुलैच्या झडीत आठवडाही जाईल. सगळ्यात वरच्या दोन पानांच्या मधे पाणी साचलं तर टिशूने टिपा. तिथून कूज लागली तर रोप वाचणं अवघड, कारण फॅलला वाढीचं टोक एकच. आणि घरात पाणी घालणारे हात दोन असतील (तुमच्या पत्रावरून मला दाट संशय आहे) तर एका हाताला रजा द्या. अमेरिकेतले नातेवाईक आठवड्याला बर्फाचे तीन खडे ठेवा म्हणून सांगतील. तिकडच्या विद्यापीठांत ते तपासलंय, सालीतल्या फॅलना त्याने अपाय झाला नाही. पण ती युक्ती मुळात पाणी मोजून घालण्याची आहे. तुमच्याकडे बघायला मुळं आहेत, खडे कशाला?

आरओच्या पाण्याबद्दल मात्र स्पष्ट सांगते, ते बंद. फेकलं जाणारं पाणी म्हणजे तुमच्या टँकरच्या किंवा बोअरच्या पाण्यातले क्षार आणखी दाट करून मिळालेलं पाणी. त्याने फरशी पुसा, बाथरूम धुवा. जास्वंद एक वेळ सोसेल, ऑर्किडची मुळं सोसत नाहीत. तो स्पंजासारखा थर पाणी धरतो, पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात आणि कोवळी टोकं भाजतात. कुंडीच्या काठावर, मुळांवर पांढरा खरपुडा दिसतो का बघा. टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, मोजायचं पेनासारखं यंत्र सोसायटीत कुणाकडे तरी असतंच. आकडा दोनशेच्या आत असेल तर निश्चिंत वापरा. नसेल तर आता पाऊस आहे, पहिल्या दोन-चार सरींनी गच्ची धुऊन जाऊ द्या आणि मग बादल्या लावा. पावसाचं पाणी मिळाल्यावर मुळांची टोकं ज्या वेगाने पळतात ते बघण्यासारखं असतं.

खत आत्ता अजिबात नको. ज्याच्याकडे मुळं नाहीत त्याला खत देणं म्हणजे तापात पुरणपोळी. नवं मूळ दोन इंच झालं की १९-१९-१९ किंवा २०-२०-२० (नत्र, स्फुरद, पालाश सारख्याच प्रमाणात) असं पाण्यात विरघळणारं खत, लिटरला अर्धा ग्रॅम, पंधरा दिवसांतून एकदा, आणि महिन्यातून एकदा नुसत्या पाण्याने डबा खळखळून धुवायचा.

पावसाळ्यात दोन गोष्टींवर नजर ठेवा. एक, हिरवी टोकं रातोरात कुरतडल्यासारखी दिसली तर रात्री टॉर्च घेऊन जा, मसूरडाळीएवढ्या गोगलगायी सालीत लपलेल्या असतात. काकडीची चकती ठेवली की सकाळी तिच्याखाली गोळा होतात. दोन, कुंडीभोवती बारीक काळी चिलटं उडायला लागली तर आत काहीतरी कुजतंय, डब्यातून बघा.

तुमच्या मैत्रिणीकडे वेगळं ऑर्किड असेल आणि तिने तुमच्या मुळांना नावं ठेवली, तर तिलाही हे सांगा. डेंड्रोबियमची मुळं दोऱ्यासारखी बारीक असतात. व्हँडाची जाड मुळं हातहात लोंबतात आणि बिनकुंडीची खूश असतात. लेडीज स्लिपरची, म्हणजे पॅफिओपेडिलमची, निरोगी मुळं मुळातच तपकिरी आणि केसाळ असतात. फॅलच्या मापाने मोजलंत तर ती सगळी मेलेलीच वाटतील. आणि 'मी मातीत लावलं, छान फुललं' म्हणणाऱ्यांकडे बहुतेक ग्राउंड ऑर्किड असतं. ते मातीतलंच आहे, त्यांचं चूक नाही आणि तुमचंही नाही.

ऑपरेशनमध्ये एकही मूळ वाचलं नाही, बाहेरची पाचही पोकळ निघाली, तर रोप टाकू नका. मूठभर मॉस भिजवून घट्ट पिळा, थेंब पडता कामा नये. पारदर्शक पिशवीत घाला, वर रोप ठेवा, बुंधा मॉसला जेमतेम टेकलेला. तोंड सैल बांधून उजेडात पण उन्हापासून दूर ठेवा, दोन-तीन दिवसांनी उघडून वारा द्या. बुंध्याशी हिरवा ठिपका दिसायला एक महिना लागतो, कधी तीन. पण तुमच्यावर ही वेळ येईल असं फोटोवरून वाटत नाही.

गणपतीपर्यंत काय होईल? फुलं येणार नाहीत. फॅलला दांडा काढायला काही आठवडे गार हवा लागते, पुण्यात ती नोव्हेंबर-डिसेंबरात खिडकीत आपसूक मिळते. यंदा मुळं नीट जमली नाहीत तर झाड पुढच्या वर्षावर ढकलेल, ढकलू द्या. सुरकुतलेली जुनी पानंही पूर्वीसारखी ताठ होतीलच असं नाही, त्यांच्याकडे बघून निराश होऊ नका. पण ऑगस्टअखेर डब्याच्या भिंतीला टेकलेली दोन-तीन नवी मुळं दिसली पाहिजेत, आणि मधोमध बोटाच्या पेराएवढं कोवळं पान. आरती झाल्यावर नणंदबाईंना खिडकीपाशी न्या, डबा उचलून हातात द्या आणि स्प्रे मारा. चंदेरी मूळ त्यांच्यादेखत हिरवं होईल.